वीसपेक्षा कमी पट : शाळा ठेवायची की मिसळायची?

माळावरचा मास्तर

'हिशेबी' यांनी काल असे लिहिले की, वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा म्हणजे सरकारी पैशाची नासाडी असून तिथल्या मुलांना ना स्पर्धा मिळते ना गुणवत्ता. तेव्हा त्या बंद करून मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यावे. द्विशिक्षकी शाळेत उभी नोकरी काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

माझ्या शाळेचा पट अकरा आहे आणि तिसरीत दोन मुले आहेत. मागच्या चाचणीच्या वेळी त्यांतला एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता आणि दुसऱ्याचा वजाबाकीत हातचा चुकला, म्हणून अहवालात तिसरीचा निकाल शून्य टक्के लागला. त्याच मुलाला महिन्याभरात हातचा जमू लागला, म्हणजे तेव्हा चाचणी झाली असती तर निकाल शंभर टक्के लागला असता. पण तोवर केंद्रप्रमुखांच्या बैठकीत आमची शाळा 'अप्रगत' ठरून गेली होती. चारही वर्ग एका खोलीत बसतात, ही आपल्याला नासाडी वाटते. त्याच खोलीत चौथीची मुलगी पहिलीतल्या भावाला काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक समजावते, आणि ते तिचेही पक्के होते.

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये आसपासच्या लहान शाळा एकत्र करून काढायच्या 'समूह शाळा' आल्या. दर वेळी नाव नवे असते आणि कुलूप तेच.

हिशेबी

गुरुजी, आपल्या भावनांचा आदर आहे, पण हिशेबही पाहा. २०२३ मध्ये शासनाने दिलेल्या आकड्यांनुसार वीसपर्यंत पटाच्या सुमारे १४,७०० शाळांत १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक होते, म्हणजे सरासरी सहा मुलांमागे एक शिक्षक. असे प्रमाण कोणत्याही महागड्या खाजगी शाळेत मिळत नाही. मग पालक मुलांना पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याला का धाडतात? शिवाय दोन मुलांचा शून्य टक्के निकाल निरर्थक असेल, तर उद्या आपण फलकावर लिहाल तो शंभर टक्के निकालही तितकाच निरर्थक ठरतो. आणि अकरा मुलांत कबड्डीचे दोन संघही होत नाहीत, हे वेगळेच.

दोन मुलींची आई

व्हॅनचे उत्तर मी देते, कारण माझ्या मुली त्याच व्हॅनने जातात. मला इंग्रजीचे वेड नाही. आमच्या वाडीवरच्या शाळेतले दोघेही गुरुजी तालुक्याहून दुचाकीवर येत. पाऊस लागला की शाळा अकराला उघडायची, आणि एकाला मतदारयाद्यांचे काम लागले की दुसरे चार वर्ग सांभाळत मोबाईलवर माहिती भरत बसायचे. सहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावरचे आहे. गुरुजी गावात राहत नाहीत, घरभाडे भत्ता मात्र उचलतात, आणि त्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत असतात. आम्हीच तेवढा पट का राखायचा?

माळावरचा मास्तर

आला, मुख्यालयाचा, म्हणजे शिक्षकाने नेमणुकीच्या गावीच राहण्याचा मुद्दा आलाच! २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढल्यापासून जो तो तेवढेच बोलतो. ताई, तलाठी आपल्या वाडीवर राहतात का? ग्रामसेवक राहतात का? मी सुरुवातीला गावातच राहत होतो. खोलीला संडास नव्हता आणि बायको पोटुशी होती, म्हणून तालुक्याला गेलो. ही चैन वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

दोन मुलींची आई

संडास नसलेल्या घरात, पोटुशी असताना, मीही राहिले आहे. मला त्यासाठी भत्ता मिळत नव्हता.

जावळीकर

भत्त्यावरून हमरीतुमरीवर येण्याआधी बसकडे वळावे. कोयना जलाशयाकाठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, हे वाचून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपणहून दखल घेतली होती. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे आहे, ते काही हौसेखातर नाही. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले देणाऱ्यांनी आमच्या घाटात आषाढात सकाळची एसटी धरून दाखवावी. आमच्या भावकीतल्या एका मुलाला 'वाहतूक भत्ता मिळेल' असे सांगून पुढच्या गावच्या शाळेत घातले; भत्ता वर्ष सरल्यावर आला आणि तोवर पोरगा गुरे राखू लागला होता.

शिवाय कमी पट हे काही विधिलिखित नसते. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत जेमतेम तीन मुले उरली होती; दत्तात्रय वारे गुरुजी आल्यानंतर पट शंभराच्या वर गेला आणि २०२५ मध्ये तिला जागतिक पुरस्कारही मिळाला.

हिशेबी

जालिंदरनगरचे कौतुक मलाही आहे, पण पट शंभरावर गेला म्हणजे ती लहान शाळा राहिलीच नाही. आपण माझाच मुद्दा सिद्ध केला, याबद्दल आभारी आहे. शिवाय मुले आभाळातून पडत नाहीत, ती कोणत्या तरी दुसऱ्या शाळेच्या पटावरूनच येतात. वाड्यांवर जन्मच कमी होत आहेत आणि तरणी जोडपी पुण्यामुंबईला गेली आहेत, यावर कोणता आदर्श शिक्षक उपाय करणार?

बसबद्दल मात्र जावळीकरांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे. भत्ता नको, प्रत्यक्ष गाडी हवी, आणि ती एक पावसाळा नीट चालल्याखेरीज जुन्या शाळेला हात लावू नये, एवढी दुरुस्ती माझ्या प्रस्तावात करतो. गुरुजींनी हा आपला विजय समजू नये.

माळावरचा मास्तर

समजत नाही. एक पावसाळा गाडी चालवून दाखवा, मग पट तुमच्याकडे आणून देतो. पण तोपर्यंत आमचा दुसरा शिक्षक 'जादा' ठरवून समायोजनात दुसऱ्या शाळेला उचलून नेऊ नका. पट मोजायला माणसे येतात, तशी ती गाडी मोजायलाही यावीत.

दोन मुलींची आई

आणि शाळा सकाळी किती वाजता उघडते, तेही त्याच फेरीत मोजावे.