ए-३०४ विकायचाय, रंगारी सुचवा

ए-३०४ : नमस्कार. आमचा फ्लॅट विकायला काढतोय. आईला आता जिने होत नाहीत, ती ताईकडे पनवेलला जाईल. कुणाकडे चांगला रंगारी आहे का? दिवाळीआधी उरकायचंय.

बी-१०१ : अरेरे, काकू जाणार? मग भिशीचं काय?

सी-२०२ : रंगाऱ्याचा नंबर पर्सनलवर टाकते. पण आतल्या खोलीतला ओलीचा डाग नुसता रंग मारून झाकू नका हं. आम्ही घर बघत फिरायचो तेव्हा एकच भिंत कोरी करकरीत दिसली की हे आधी तिथेच हात लावून बघायचे.

ए-३०४ : तो डाग वरच्या बाथरूमचा आहे. ४०४ला दोनदा सांगून झालंय.

ए-४०४ : सांगितलंत, नाही म्हणत नाही. पण प्लंबर म्हणतो लाद्या फोडाव्या लागतील. सोसायटी नाही का करून देणार?

ए-१०२ : गच्चीची गळती सोसायटीची, बाथरूममधली ज्याची त्याची. मी सेक्रेटरी होतो तेव्हापासून हेच सांगतोय. आधी गळती बंद, मग भिंत वाळू दे, रंग सगळ्यात शेवटी.
आणि बाळा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं आहे?

ए-३०४ : बाबांचंच. पण काका, नॉमिनी आई आहे, त्यामुळे काही अडचण नाही.

ए-१०२ : इथेच तर अडतं! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर आई, तू आणि ताई, तिघांचा सारखा वाटा. ताई हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, नाहीतर विक्रीच्या करारावर तिघांच्याही सह्या लागतील. शिवाय आपली जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर. वारसांची नावं तिथे चढल्याशिवाय पुढे विक्रीची एनओसी मिळत नाही, आणि तिचे ट्रान्सफर चार्जेस वेगळे. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँक तुझा रंग बघत नाही, फाइल बघते. मूळ अलॉटमेंट लेटर आहे ना? तुझे बाबा ते कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवायचे.

सी-२०२ : काका, सोसायटीला देणगीही द्यावी लागते ना? आम्हाला एका ठिकाणी एजंटने लाखभर सांगितले होते.

ए-१०२ : फ्लॅट नव्या माणसाच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. वर देणगी म्हणून एक पैसा मागता येत नाही. आपल्याकडे कुणी मागितलीच तर त्याला माझ्याकडे पाठवा.
आणखी एक. व्यवहार ५० लाख किंवा त्याच्या वर असेल तर घेणारा तुमच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. आईचं पॅन आधारला जोडलेलं आहे का बघ, नाहीतर त्या १चे २० होतात.

ए-३०४ : बापरे. आईचं बघावं लागेल. काका, संध्याकाळी फाइल घेऊन येऊ?

ए-१०२ : सातनंतर ये. आईलाही आण, चहा इथेच.

बी-१०१ : भिशीचं कुणी बोललंच नाही 😔

ए-४०४ : शनिवारी १० वाजता प्लंबर बोलावलाय. ३०४, तुम्हीही वर या. लाद्या उघडल्या की फोटो काढून ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवायला होतील.