कटऑफ बघताना कोडचं शेवटचं अक्षर बघा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुणे की मुंबई असं धागाकर्त्याने विचारलंय, त्यावर "गेल्या वर्षीचा कटऑफ बघून कॉलेजांची लिस्ट लावा, सोप्पंय" असं वर दोघातिघांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, पण कुठला कटऑफ हे कोणी बोललंच नाही. कॅपच्या (म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कटऑफ पीडीएफमध्ये जीओपनएच, एलओपनओ असे जे कोड असतात ना त्याच्या शेवटच्या अक्षरात सगळी मेख आहे. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज ज्या विद्यापीठात येतं तिथलेच विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून येणारे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आणि होम ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर, आधार कार्डावर पत्ता कुठला त्यावर नाही!

माझी भाची अकोल्याची, बारावी तिथलीच, म्हणजे होम अमरावती विद्यापीठ. तिने पुण्यातल्या एका खासगी कॉलेजचा कॉम्प्युटरचा एचचा आकडा बघून ते लिस्टमध्ये वर टाकलं आणि निवांत बसली. जागा साधारण 70 टक्के होमवाल्यांना, 30 टक्के बाहेरच्यांना अशा वाटलेल्या, तिला मोजायचा होता ओचा, तो होता दीड पर्सेंटाइल वर. पहिल्या राऊंडला काहीच हाती नाही, घरात नुसती रडारड. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय या कॉलेजांना ही भानगड नाही, तिथे एसच असतं, अकोला काय नि पुणे काय सारखंच. त्यामुळे धागाकर्त्याने आधी मुलाची बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली ते सांगावं, मग पुणे की मुंबई त्यावर भांडू. आणि मुलगी असेल तर एलने सुरू होणारे, मुलींच्या जागांचे कोडपण बघा, बरेच जण विसरतात.