अपरिचित प्रेमविनोदी मूकपट: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (भुसावळ)
आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात चॅप्लिन आणि कीटन बहुतेकांचे पाहून झाले आहेत. त्याच काळातले, फारसे बोलले न जाणारे प्रेमविनोदी चित्रपट आता दाखवावेत, असा विचार आहे. त्यांत आजचा प्रेक्षक रमेल असे काय आहे?

उत्तर (धुळे)
बोरिस बार्नेट यांचा १९२७ सालचा रशियन चित्रपट ‘द गर्ल विथ द हॅटबॉक्स’ अवश्य दाखवा. मॉस्कोजवळच्या खेड्यात आजोबांसोबत राहून टोप्या शिवणारी नताशा, शहरात घरांची भीषण टंचाई असल्यामुळे, बेघर विद्यार्थी इल्याला खोली मिळावी एवढ्याचसाठी त्याच्याशी कागदोपत्री लग्न करते, आणि प्रेम त्यानंतर सावकाश उमलत जाते. आधी लग्न, मग ओळख हा क्रम आपल्या आजी-आजोबांना परका नव्हता, त्यामुळे ही कथा आपल्याकडे विनासायास पोहोचते. नताशामागे झुरणारा रेल्वेचा तिकीट-कारकूनही आहे; भुसावळकरांना तो विशेष आवडेल. सरकारी लॉटरीच्या रोख्यांचा प्रचार करण्यासाठी काढलेला हा चित्रपट इतका प्रसन्न आहे, की तो प्रचार जाणवतही नाही.

उत्तर (अमळनेर)
मी सुरुवात हॉलिवूडची नटी मेरी पिकफर्ड हिच्या ‘माय बेस्ट गर्ल’पासून (१९२७) करीन. दुकानातली साधी नोकरदार मुलगी आणि नाव बदलून तिथेच कामाला लागलेला मालकाचा मुलगा गोदामातल्या लाकडी खोक्यात बसून डबा खातात, तो प्रसंग मला या प्रकारातला सर्वांत गोड वाटतो. प्रेमाची कबुली शब्दांत देता येत नसल्याने नट ती नजरेतून आणि हातातल्या वस्तूंतून देतात, आणि पात्रांना कळण्याआधीच ती आपल्याला कळते. हा आनंद बोलपटात क्वचितच मिळतो.

उत्तर (जळगाव)
जोडीला आपल्याकडचा ‘जमाई बाबू’ (१९३१) हा छोटा बंगाली विनोदी मूकपटही ठेवावा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, पण नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशिवंत असल्याने व जतनाकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांतले मोजकेच उरले, याचे मला फार वाईट वाटते.
दाखवताना दोन गोष्टी सांभाळा. अनेक मूकपट सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चित्रित झालेले असत. ते आजच्या वेगाने लावले तर माणसे धावत सुटतात आणि लाजण्या-थबकण्यातली गंमत हरवते, म्हणून योग्य वेगाची प्रत शोधावी. दुसरे, त्या काळी आपल्या थिएटरांत पडद्यावर येणारी संवादांची किंवा निवेदनाची पाटी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असे. आपणही एका चांगल्या वाचकाला ती मराठीत, जमल्यास अहिराणीत, वाचायला बसवावे.