रविवारनंतरचे सहा दिवस: विदर्भातल्या खेड्यांतले अनुभव

आपल्याकडच्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांविषयी (चर्चविषयी) बरंच लिहिलं गेलंय. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली, हे सगळं वाचायला मिळतं. पण ज्या गावात ख्रिस्ती घरं दोन किंवा तीन, पाळकसाहेब जमेल तेव्हा येणार आणि उपासना कुणाच्या तरी ओसरीत, तिथलं कुणी लिहीत नाही. मला तेच वाचायचंय. वावरात, बाजारात, दवाखान्यात तुमचा विश्वास कसा दिसतो? कुणाला सांगायची वेळ आली तेव्हा काय सांगितलंत?

खेड्यात माणूस झाकून राहत नाही. किराण्याची उधारी, मजुरीचा हिशेब, घरातलं भांडण, सगळं गावाला ठाऊक असतं. आपण आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहतो तेव्हा समोरच्याने आपल्याला आधीच पारखलेलं असतं. म्हणून या विषयावर खेड्यातली माणसं जे सांगतील ते मला फार मोलाचं वाटतं.

शेजाऱ्यांची नावं नकोत. किती बाप्तिस्मे झाले याचे आकडे नकोत. दुसऱ्याच्या श्रद्धेला उणा शब्द नको. वऱ्हाडीत लिहिलंत तर उत्तमच.

शेतकरी, दर्यापूर तालुका

आमचा पट्टा खारपाणाचा. विहिरीच्या पाण्याचा पिकाला उपयोग नाही, भिस्त पावसावर. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. वेचणीला बाया येतात, मजुरी किलोवर. गाठोडं काट्याला लावलं की दवाच्या नावाखाली थोडं वजन कापायचं, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे. वडिलांनी ती आमच्या धुऱ्यावर (बांधावर) चालू दिली नाही. दव असेल तर वेचणी उशिरा सुरू करा, पण काट्यावर दिसेल तेच वहीत लिहा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे की शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचतो. वेचणीच्या हंगामात वडील घरभक्तीला हा अध्याय हटकून वाचायचे. व्यापाऱ्याचा चुकारा अडला तरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बायांचे पैसे दिलेच पाहिजेत. त्यासाठी घरातली तूर विकावी लागली, तर ती विकायची.

दुसरी गोष्ट सरव्याची. सोयाबीन निघालं की शेतात शेंगा पडून राहतात. म्हाताऱ्या बाया, एकट्या बाया त्या वेचायला येतात. काही जण लगेच ढोरं सोडतात नाहीतर रोटाव्हेटर फिरवतात. आम्ही शेत आठ-दहा दिवस तसंच ठेवतो आणि धुऱ्याकडची दोन तासं (ओळी) कापतच नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तशी आज्ञाच आहे: कोपऱ्यांपर्यंत कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं.

एकदा एका मावशीने विचारलं, "बाबू, हे दोन तासं काहून सोडले? इसरला का?" मग धुऱ्यावर बसून रूथची गोष्ट सांगितली. परमुलखातली विधवा सून, सासूचा हात धरून बेथलेहेमात आलेली, बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. बवाजाने गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतल्या चार काड्या मुद्दाम टाका, तिला लाजवू नका. बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. "मंग त्या पोरीचं काय झालं?" बवाजाशी लग्न झालं, ओबेद झाला, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद, आणि त्याच कुळात येशू जन्माला आला. त्या मावशीला स्वतःची सून आहे, तीही विधवा. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या खेपेला सुनेला सोबत घेऊन आली आणि म्हणाली, "इले सांग ते गोठ."

परिचारिका, यवतमाळ जिल्हा

दादा, काट्याचं वाचून बरं वाटलं. माझं थोडं वेगळं आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. माणसं एकामागून एक येत होती. विषाने भिजलेले कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, विषावरचा उतारा म्हणून अट्रोपिन सुरू करायचं, श्वासावर नजर ठेवायची. शेतमजूरच जास्त, काही तर पोरसवदा. त्या रात्रींत मी धर्माचा एक शब्दही काढला नाही. श्वासासाठी धडपडणारा माणूस आणि माझे पाय धरणारी त्याची बायको यांच्यापुढे मी येशूचं नाव घेतलं आणि त्यांना वाटलं की औषध त्यावर अवलंबून आहे, तर ते पाप माझ्या माथी. अडलेल्या माणसाचं "हो" मला नको आणि माझ्या प्रभूलाही नको. प्रार्थना मी करत होते, ओठांतल्या ओठांत.

त्यातला एक भाऊ हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सलाईन लावताना काय पुटपुटत होत्या?" आता तो स्वतःच्या पायांवर उभा होता, उठून जायला मोकळा होता. मग सांगितलं सगळं, हातचं न राखता. तो ऐकून घरी गेला. नंतर भेटतो तेव्हा आधी विचारतो, "प्रार्थना चालू हाये ना?"

आणखी एक, आपल्याच लोकांसाठी. साप चावल्यावर "फक्त प्रार्थना करू, इंजेक्शन नको" म्हणणारे विश्वासी मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. घोणस चावलेल्या माणसाची प्रत्येक घटका मोलाची असते. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत प्रार्थना करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाने त्याला प्रिय म्हटलंय.

अचलपूरजवळचं खेडं (आजी सांगते, मी नात लिहिते)

मी सून होऊन आली तवा माह्या सासऱ्याच्या हाताचे बोटं कुष्ठरोगानं झडले होते. गावानं त्यायले वस्तीबाहेर खोपडी देली होती. पानी दुरून ओतत, भाकर फेकत. मंग कोनीतरी त्यायले कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईनं त्यायचा पाय आपल्या मांडीवर घेतला अन् जखम धुतली. सासरे मले सांगत, "पोरी, इतक्या वर्सांत मले कोनाचा हात लागला नोता." तिनं शुभवर्तमान वाचून दाखोलं का नाही, मले मालूम नाही. पन सासऱ्याचा इस्वास त्या मांडीवरच सुरू झाला.

मांगून ते सोता नव्या रोग्यायले जखम धुवाले शिकोत. मले अक्षर येत नोतं, तं त्यायनंच पाटी आनली. झडल्या बोटात लेखनी धरून मले 'येशू' लिवाले शिकोलं. मत्तयाच्या आठव्या अध्यायात कुष्ठरोगी मानूस येते अन् येशू हात पुढं करून त्याले शिवते. बरं तं तो नुसत्या शब्दानंबी करू शकत होता, माय! तरी शिवला.

आता गोळ्या हायेत, फुकट भेटतात, रोग पुरा बरा होते. आंगावर सुन्न चट्टा दिसला तं लपवू नका. माह्यी साक्ष हेच हाये, सांगून रायली मी बाजारात, लग्नात, सगळीकडं.

गृहिणी, मेहकर तालुका

गावात आमचं एकच घर. नवी होते तेव्हा प्रसादावरून फार ताण यायचा. घ्यायचा तर मन खातं, नाही घ्यायचा तर शेजारीण दुखावते. सासूबाईंनी वाट दाखवली: पूजेच्या दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, तिच्या लेकीचं बाळंतपण असेल तर रात्र काढायची. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी खाण्याच्या आणि न खाण्याच्या दोन्ही बाजू सांगतो, तेही समजून घ्यायचं. शेजारणीलाच मी सरळ सांगितलं, "तुमच्या देवाचा अपमान म्हणून नाही, माझ्या देवाशी मी शब्द दिलाय म्हणून." ती म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना!" आता ती माझा वाटा वेगळा ठेवते, नैवेद्य दाखवायच्या आधीचा.

नाताळात आम्ही करंज्या, चकल्या, अनारसे करतो आणि सगळ्या घरी ताट जातं. ओसरीतल्या गीतांना बायांना बोलावते. आपल्या भागात नवऱ्याने कर्जापायी जीव दिलेल्या तरुण बाया गावोगाव आहेत. सवाष्णींच्या कार्यक्रमांना त्यांना बोलावणं जात नाही, त्या स्वतःच मागे राहतात. माझ्याकडे त्या पुढे बसतात. हे मी मुद्दाम करते आणि का करते तेही सांगते: नाईन गावच्या वेशीपाशी येशूने एका विधवेला रडताना पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

पाळक, पांढरकवडा भाग

सगळं वाचतोय, देवाचे आभार मानतोय. पण एक गोष्ट आग्रहाने मांडतो. "आपलं वागणंच बोलेल" म्हणून गप्प बसायची सवय लागते. चांगलं वागणं पाहून लोक म्हणतील, माणूस चांगला आहे. येशूचं नाव त्यांना कोण सांगणार? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांशी गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. वाचत वाचत १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने नुसतं सभ्यपणे बसून प्रवास केला असता तर?

संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. तोच हक्क शेजाऱ्यालाही आहे, हे विसरायचं नाही. मी आमिषाला हात लावत नाही. धान्य वाटायचं तर त्या दिवशी प्रवचन नाही. प्रवचनाच्या दिवशी वाटप नाही. सिस्टरताईंशी मी पूर्ण सहमत आहे. पेत्र म्हणतो की आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने. लोक विचारत नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारतो: त्यांनी विचारावं असं तुमच्या घरात काय आहे?

शिक्षक, मेळघाट

थोडक्यात लिहितो. पोरं कोरकू बोलतात आणि कोरकूचा मराठीशी काही संबंध नाही, ती मुंडा कुळातली भाषा. वर हिस्लॉपचं नाव आलंय. नागपुरात राहून त्यांनी गोंडांची गाणी त्यांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली. १८६३ मध्ये पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले, तरी ती टिपणं त्यांच्यामागे १८६६ साली छापली गेली. मला तेच पटतं: आधी ऐकायचं. मी कोरकू शिकलो, पोरांच्या आज्यांकडून. अजून माझ्या उच्चारांना हसतात. पण घरात कुणी आजारी पडलं की पहिला निरोप मला येतो, आणि आता "तुझ्या देवाला सांग" असंही त्याच म्हणतात.

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा, मूर्तिजापूर तालुका

मी नवीन विश्वासी, घरात एकटाच. बाबांची बैलजोडी आहे. पोळ्याला मी काय करू? कुणी म्हणतं अजिबात हात लावू नको. बाबांचं मन मोडेल.

शेतकरी, दर्यापूर तालुका

भाऊ, माझ्या घरी काय करतो ते सांगतो, पुढचं तू प्रार्थनेत ठरव. खांदेमळणीला बैलांचे खांदे तेल-हळदीने मी स्वतः चोळतो. सकाळी नदीवर धुतो, शिंगं रंगवतो, त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू नाही. पुरणपोळी खाऊ घालतो. तोरणाखालच्या पूजेत उभा राहत नाही, झडत्या (पोळ्याची गाणी) मात्र आवडीने ऐकतो. गड्याला कपडे करतो, तान्ह्या पोळ्याच्या पोरांना बोजारा (खाऊचे पैसे) देतो. संध्याकाळी गोठ्यासमोर घरच्यांना घेऊन उपकारस्तुती करतो. नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायात आहे, नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो.

बाबांना आधीच सांग, पोळ्याच्या सकाळी नको. "बैल धुवायचं काम माझं" म्हण. पूजेच्या वेळी बाजूला थांबशील तेही आत्ताच सांगून टाक आणि कारणही सांग. रागावले तर ऐकून घे. आणि त्या आठवड्यात जमलं तर रविवारी आमच्याकडे ये, बाबांनाही घेऊन ये. जेवण आमच्याकडेच.