मदत हवी आहे: अमेरिकन सिव्हिल वॉरमधलं सटलर टोकन खरं कसं ओळखायचं?

मंडळी, मी सिनसिनाटीला राहतो, नाणी जमवायचा नाद शाळेपासूनचा, पण आजवर शिवराई आणि ढब्बू पैशाच्या पुढे गाडी गेली नव्हती. रविवारी इथल्या जुन्या बाजारात एक पितळी टोकन घेतलं, जेमतेम १९ मिमी. एका बाजूला ओहायोची पायदळ रेजिमेंट आणि सटलरचं नाव, दुसरीकडे २५ सेंटचा माल मिळेल असं कोरलंय. ८० डॉलर मोजलेत (घरी ३० सांगितलेत).

सटलर म्हणजे पलटणीबरोबर फिरणारा परवानाधारक दुकानदार, आपल्या बाजारबुणग्यांतला वाणी म्हणा. शिपायाला महिना १३ डॉलर, तेही कित्येक महिने थकायचे, त्यात १८६२ मध्ये लोकांनी सुटी नाणी दडवून ठेवलेली, मग हा गडी उधारीवर टोकनं द्यायचा जी फक्त त्याच्याच तंबूत चालायची, भाव अर्थात तो म्हणेल तो, आणि पगार झाला की वसुली. शेवटी १८६२ च्या कायद्याने त्याला पगाराच्या एक षष्ठांशापर्यंतच हक्क दिला.

आता अडचण. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सैनिकांच्या ऑनलाइन यादीत रेजिमेंट सापडली पण त्या सटलरचं नावच नाही!! म्हणजे फसलो का? विकणारा शनिवारपर्यंत परत घेईल म्हणालाय. आणि आई इथे आलीये, ती चिंच-मीठ घेऊन मागे लागलीये, घासू का?

प्रतिसाद १: आधी आईंच्या हातातून चिंच काढून घ्या! पितळेवरचा काळपट थर गेला की किंमतही गेली.

प्रतिसाद २: अहो, सटलर भरती झालेला शिपाई नव्हताच, सिव्हिलियन व्यापारी तो, सैनिकांच्या यादीत कसा सापडणार? त्यावरून घाबरू नका. भिंगाखाली अक्षरं बघा, ठशाने पाडलेल्याची कड धारदार असते. साच्यात ओतलेली नक्कल असेल तर अक्षरं बुळबुळीत, मधे बारीक खड्डे, कडेला सांध्याची रेघ. शिवाय तुमच्याच गावात जॉन स्टँटन ही टोकनं पाडायचा, तिथल्या जाणकार नाणेवाल्याकडे अस्सल नग बघायला मिळेल, शेजारी ठेवून बघा.

धागाकर्ता: भिंगातून पाहिलं, रेघ नाही, अक्षरं कडक आहेत. तरी शुक्रवारी नाणेवाल्याकडे जातोय. आई रुसलीये, तिला समई दिलीये घासायला.