मदत हवी आहे: 'शीतल'चं स्थळ मोडायचं कसं?

आमच्या वहिनीला दादाचा भारी संशय. तो फोन घेऊन गॅलरीत गेला की हिचे कान टवकारलेच. शेवटी तिने फेसबुकवर 'शीतल' उभी केली, कोकणकड्यावरचा कुणाचा तरी पाठमोरा फोटो लावून. दादाला मेसेज: 'तुम्ही फार छान बोलता.' (तो घरात चार शब्द बोलत नाही, हा भाग वेगळा.)

दादाचं उत्तर: 'धन्यवाद ताई. तुमची पत्रिका मिळेल का? धाकट्या भावासाठी मुली बघतोय.'

धाकटा भाऊ म्हणजे मी! गडबडीत वहिनीने मनाला येईल ती जन्मतारीख ठोकून दिली. गुरुजी म्हणाले, 36 पैकी 28 गुण जुळतात. 18 जुळले तरी चालतं. आईने फोटो मावश्यांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. आता रविवारी कांदेपोह्यांना जायचंय म्हणून दादा शीतलकडे पत्ता मागतोय आणि स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवलेला वहिनीचा जुना फोन टिंगटिंग वाजतोय.

दादाला काही कळता कामा नये. नाडी वेगळी निघाल्याने एकनाडीचं कारण गेलं. सगोत्र म्हणावं, तर गुरुजींकडे तोडगा तयार असणार. 'मुलीचं दुसरीकडे जमलं' एवढं पुरेल का? की आई लगेच तिच्या धाकट्या बहिणीची चौकशी करेल? प्लीज लवकर सुचवा.