शोकाची रचना गाताना सूर उतरतो, रेकॉर्डिंगला तीनच आठवडे उरलेत

प्रश्न
आमच्या क्वायरमध्ये २२ मुली आहेत, ११ ते १६ वयाच्या. आजच्या संगीतकारांच्या भक्तिरचना रेकॉर्ड करतोय. सगळ्या कुणीतरी गेल्याच्या आणि तरीही आशा धरून राहण्याच्या. गाडी अडलीय बायबलमधल्या स्तोत्र १३० वर. साथीला वाद्य नाही. सुरुवातीलाच खोल गर्तेतून मारलेली हाक आहे. तिथे मुली इतक्या हळव्या होतात की दुसऱ्या पानापर्यंत सगळ्या अर्धा स्वर खाली! मी हात वर करून खुणावते, तर नुसता आवाज वाढतो.

आणखी एक. दुसऱ्या रांगेत टोकाला उभ्या राहणाऱ्या मुलीचे बाबा या वर्षी गेले. शेवटच्या पानावर तिचा आवाज थांबतो, ओठ तेवढे हलत राहतात. या रचनेतून तिला वगळा, असं काही पालक म्हणतात. मला पटत नाही, पण रात्री तोच विचार येतो.

उत्तर १ (रेकॉर्डिंगचं काम करतो)
एक टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) सुरात आणि दुसरा उतरलेला असेल तर दोन्हींचा सांधा लगेच कानाला खटकतो. त्यामुळे प्रत्येक टेकआधी मूळ स्वर नव्याने द्या. पहिला टेक अख्खा, न थांबता घ्या. आणि शेवटचा स्वर सुटल्यावर घुमार पूर्ण विरेपर्यंत कुणी वही मिटायची नाही. या रचनांमध्ये ती शांतता संगीताइतकीच लागते.

उत्तर २ (नऊ वर्षं दुसऱ्या सोप्रानोत, म्हणजे उंच आवाजांच्या दुसऱ्या गटात गायले)
ताई, मुली दुःख 'दाखवायला' जातात, स्वर जड होतात, श्वास खाली बसतो. आठवडाभर अर्धा स्वर वर घेऊन गाऊन बघा, मग मूळ पट्टीत या. आणि त्याच स्तोत्रात पुढे पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत, दोनदा येतात. मुलींना सांगा, पहिल्या हाकेपासूनच त्या पहारेकऱ्यांसारखं जागं राहून गायचं. आम्हाला एवढंच सांगितलं होतं आणि सूर टिकला.

रचना एस्टोनियाचे संगीतकार अर्व्हो पॅर्ट यांच्या वळणाची असेल, म्हणजे एक आवाज पायरीपायरीने चालतोय आणि दुसरा त्रिस्वराचे तीनच स्वर धरून आहे, तर आधी त्या दुसऱ्या आवाजाच्या मुलींना एकट्या गाऊ द्या. बाकीच्यांना टेकायला तोच खांब आहे.

तिला वगळू नका. लांब ओळीत सगळ्याजणी वेगवेगळ्या जागी श्वास घेतात ना? मग ती चार मात्रा गप्प राहिली तरी ओळ तुटत नाही. तिला फक्त टोकाला उभी करू नका.

प्रश्नकर्ती
काल तिलाच विचारलं. म्हणाली, "मला गायचंय, पण मधे उभी राहू?" आता तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अल्टो (खालच्या आवाजात गाणाऱ्या मुली) आहेत. शेवटच्या पानावर ती थांबली, तेव्हा डावीकडचीने वही न बोलता तिच्याकडे सरकवली आणि ओळीवर बोट ठेवलं. दोन ओळींनी ती परत आत आली. सूर अजून थोडा उतरतोय, पण आता तिसऱ्या पानावर.